नेमाडे सर, ओसरी आणि वेस

२७ मे जवळ आला की फेसबुकवर भालचंद्र नेमाड्यांच्या वाढदिवसाच्या पोस्टी सुरू होतात. अर्धे लोक लोटांगण घालतात, अर्धे शिव्या घालतात. माझी पंचाईत अशी की दोन्हीकडचं थोडं थोडं मला पटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नेमाडे सरांनी गावोगावी इंग्रजीची प्राध्यापकी केली, त्यात आपलं नगरही होतं. त्यांच्या वर्गात बसायचं माझं वय नव्हतं. पण पुस्तकांमधून ज्यांनी मला शिकवलं त्यांत पहिले तेच, म्हणून सरच म्हणतो.

‘कोसला’ १९६३ ची, म्हणजे लेखक पंचविशीतला. खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो आणि हात हलवत गावी परततो. पाथर्डी-शेवगावकडून एसटीनं पुण्याला गेलेल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हॉस्टेलवर आपली बोली ऐकून कोणी हसलं की आपण गप्प बसायला शिकतो. या पुस्तकानं ती लाज काढून टाकली. आपण बोलतो तीही मराठीच, आणि तिच्यात अख्खी कादंबरी उभी राहते, हे कळणं माझ्यासाठी डिग्रीपेक्षा मोठं होतं.

काही आरोप मला पटत नाहीत. ‘जन्मभर इंग्रजी शिकवून पोट भरलं आणि आता इंग्रजी माध्यमाला विरोध करतात’ हा त्यातला एक. अहो, भाषा शिकणं वेगळं आणि लेकराचं सगळं शिक्षणच परक्या भाषेत करणं वेगळं. ज्यानं ती भाषा आयुष्यभर शिकवली, त्याला हा फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो.

माझं अडतं ते जातीपाशी. २०१० साली ‘हिंदू’ आली. जात म्हणजे नुसती उतरंड नाही, समाज एकत्र नांदवणारी ती एक रचनाही आहे, अशा अर्थाचं सर मांडत आले. त्यावर टीकाही भरपूर झाली. त्यांना जातीभेद हवाय असं मी म्हणत नाही. पण ही मांडणी वाचताना मला खर्डा आठवतं.

२८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला, एवढंच कारण सांगितलं गेलं. पुढं साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. खून झाला त्याच वर्षाचं ज्ञानपीठ सरांना मिळालं. जाहीर झालं तेव्हा आनंदानं पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. त्या आनंदाबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण नांदवणारी रचना ती हीच का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

उत्तराचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात सापडला. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. आमच्या घरी बलुतं द्यायचे. खळ्यावरून कोणाला किती पायली जायची, हे आजी कौतुकानं सांगायची. घेणाऱ्याला ते कसं वाटत होतं, हे आजीच्या गोष्टीत कधी आलं नाही. ते मला दया पवारांकडून कळलं.

तेव्हा लक्षात आलं, नेमाडे सरांचं गाव मला इतकं जवळचं का वाटलं ते. ते ओसरीवरून दिसणारं गाव आहे आणि मीही ओसरीवरचाच. ते खोटं नाही, पण वेशीबाहेरून तेच गाव वेगळं दिसतं. ओसरीवर बसलेल्याला जात ही नात्यागोत्यासारखी ऊब वाटू शकते. वेशीबाहेर तिची किंमत मोजावी लागते, खर्ड्यात तर जिवानं.

म्हणून सरांना सोडून द्यायचं का? मला ते जमणार नाही. प्रस्थापितांपुढं मान तुकवू नका, साहित्य संमेलनांच्या मांडवाला भुलू नका, हे त्यांनीच शिकवलं. आता ते स्वतः प्रस्थापित आहेत, त्याला आपण काय करणार! त्यांचाच नियम त्यांना लावायचा.

जिल्ह्यातल्या मराठीच्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती. ‘कोसला’ मनापासून शिकवा. आणि त्याच सत्रात, त्याच पोरांना ‘बलुतं’ही वाचायला लावा. दोन्ही आपलीच गावं आहेत. पोरांना भांडू द्या.