पैलवान कुठला?

सारोळ्याचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. नीरेच्या अलीकडे भोर तालुका, पुणे जिल्हा. पलीकडे शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. महामार्गावरून जाणाऱ्याला त्याचं काही नसतं, त्याला कोल्हापूर गाठायचं असतं. ही हद्द बोचते ती तालमीतल्या पोराला. घर अलीकडच्या काठावर असेल तर त्यानं पुण्याच्या निवड चाचणीत उतरायचं, म्हणजे मुळशी, मावळ, खेड, इंदापूर, बारामती, सगळ्यांशी झुंजायचं. पलीकडे घर असतं तर गर्दी वेगळी, नशीबही वेगळं.

*

महाराष्ट्र केसरीला जिल्ह्यांचे संघ उतरतात, मोठ्या शहरांचे वेगळे. एका वजनगटात संघाचा एक गडी मातीवर, एक गादीवर. बस. दोन्हींकडच्या केसरी गटाचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. आता पुण्या-कोल्हापुरातल्या एकेका तालमीत त्या गटाला पुरून उरतील असे तीन-तीन, चार-चार गडी असतात. खुराक सगळ्यांचा चालूच असतो, आणि खुराकापायी घरच्यांनी काय काय गहाण टाकलंय ते तालमीत सगळ्यांना माहीत असतं. जागा एक. उरलेल्यांनी पुढच्या वर्षीपर्यंत जोर-बैठका काढत बसायचं, की जिथं जागा मोकळी आहे तो जिल्हा धरायचा? यात निष्ठा-बिष्ठा मधे आणणाऱ्यांनी महिनाभर तो खुराक स्वतःच्या पैशानं करून बघावा.

*

गदा कुणाकडे गेली ते बघू. २०१८ मध्ये जालन्याला ती बुलढाण्याच्या नावावर लागली. जिंकणारा बाला रफिक शेख, गाव खडकी, करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर; मूळचा नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा. जानेवारी २०२३ ला कोथरूडमध्ये नांदेडचा शिवराज राक्षे; हा तर आमच्याच पुणे जिल्ह्यातला, खेड तालुक्यातला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला वाशिमचा सिकंदर शेख. घर मोहोळला, म्हणजे पुन्हा सोलापूर. सोलापूरच्या दोन पोरांनी दोन गदा आणल्या आणि दोन्ही विदर्भाच्या खात्यात जमा झाल्या. सोलापूरकरांनी मिरवणुकीत याची फिकीर केली असेल असं वाटत नाही.

*

२०२० च्या त्या शेवटच्या कुस्तीत नाशिकच्या सदगीरसमोर लातूरचा शैलेश शेळके होता. कागदावर नाशिक विरुद्ध लातूर. प्रत्यक्षात दोघेही काका पवारांचे पठ्ठे, पुण्यातल्या एकाच तालमीतले, रोज एकमेकांशी लढत घेणारे. निकाल लागल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. वस्तादानं अशा वेळी कुणाच्या कोपऱ्यात उभं राहायचं?

टोरंटोत ब्रायन ऑर्सर नावाच्या वस्तादापुढे हाच पेच होता. बर्फावरचं फिगर स्केटिंग शिकवतात ते. जपानचा युझुरू हान्यू आणि स्पेनचा हावियेर फर्नांडेझ, दोघे त्यांचेच शिष्य, एकाच बर्फावर सराव करणारे. २०१५ आणि २०१६, दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेत फर्नांडेझ पहिला, हान्यू दुसरा. ऑर्सर एकाच्या वेळी स्पेनचं जाकीट घालायचे, दुसऱ्याच्या वेळी जपानचं. हा उपाय मला पटतो. आपल्याकडे वस्तादाचा फेटाच बदलावा लागेल.

*

स्केटिंगमध्ये जिल्ह्यांच्या जागी देश, एवढाच फरक. जागतिक स्पर्धेत एका प्रकारात एका देशाच्या जास्तीत जास्त तीन जागा, आणि त्याही आदल्या वर्षी कमवाव्या लागतात. दोन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज तेरापर्यंत राहिली तर पुढल्या वर्षी तीन, अठ्ठावीसपर्यंत राहिली तर दोन, नाहीतर एक. म्हणजे कुणीतरी बर्फावर आपटलं की पुढल्या वर्षी भलत्याच कुणाची तरी जागा जाते.

रशियात मुलींची अशी रांग होती की चौथ्या-पाचव्या क्रमांकाची मुलगी दुसऱ्या कुठल्याही देशात सहज पहिली आली असती. अनास्तासिया गुबानोव्हा त्या रांगेतली. २०१६ मध्ये कनिष्ठ गटाच्या ग्रां प्री अंतिम स्पर्धेत दुसरी, आणि त्यानंतर रांगेत मागे मागे. २०२१ मध्ये ती जॉर्जियाकडून खेळू लागली, आणि जानेवारी २०२३ मध्ये युरोपची विजेती झाली. त्या वेळी मार्च २०२२ पासून रशियावर बंदी होती, त्यामुळे माहेरच्या बड्या पोरी समोर नव्हत्याच. म्हणून सुवर्ण हलकं ठरतं का? आपल्याकडे प्रतिस्पर्धी दुखापतीमुळे न उतरल्यानं मिळालेली गदा कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

*

भोर-वेल्ह्याकडच्या जत्रेतल्या फडाचा कारभार निराळा. (वेल्ह्याचं नाव आता राजगड, गावं होती तिथेच आहेत.) तिथं जिल्हा कुणी विचारत नाही, जोड विचारतात. मोठ्या इनामाच्या कुस्त्या पंच आधीच नेमतात आणि पत्रकावर छापतात. बाकीच्या फडातच लागतात: पोरं कपडे काढून उभी राहतात, पंच अंगलट बघून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, हलगी वाजते. यजमान गावाच्या पैलवानाला बरी जोड मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावर दरवर्षी भांडणही होतं.

स्केटिंगची ग्रां प्री मालिका याच वळणाची आहे. सहा ठिकाणी स्पर्धा, एकेरीत एका ठिकाणी साधारण बारा जण, एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन ठिकाणं. गेल्या जागतिक स्पर्धेतल्या वरच्यांची नेमणूक आधी. यजमान देशाला स्वतःचे तिघे घालता येतात. उरलेल्या जागांवर आमंत्रणं. मधल्या फळीतल्यांनी यादीकडे डोळे लावून बसायचं आणि कुणाचा पाय मुरगळला तर बदली म्हणून विमान पकडायचं. आमंत्रण एकच मिळालं तर सहा जणांच्या अंतिम फेरीचं दार जवळजवळ बंदच. एवढं सगळं नियमपुस्तकात लिहूनही यजमानाच्या झुकत्या मापाबद्दलची कुरकुर काही थांबत नाही, तेव्हा आपल्या पंचांनी फार वाईट वाटून घेऊ नये.

*

प्रांत बदलून खेळण्याला राजाश्रयाचीही जुनी वाट आहे. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या रणजी हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढले. बडोद्यानं मग सरळ त्यांनाच नोकरीला ठेवून घेतलं. मार्च १९४७ मध्ये होळकरांच्या संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. काही महिन्यांतच फाळणी झाली. गुल महंमद त्यानंतरही भारताकडून खेळले, पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये कराचीत एक कसोटी पाकिस्तानकडून खेळले. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले तिघेच. त्यांतले हे आणि अमीर इलाही, दोघेही बडोद्याचे. ह्यांच्यापुढे आजचे संघ बदलण्याचे ना-हरकत दाखले म्हणजे पोरखेळ.

*

सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज, २०१० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला, मुंबईकडून रणजीही. मुंबईच्या संघात जागा टिकवणं म्हणजे विरार लोकलमध्ये चौथी सीट. तो शिकायला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला, ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. क्रिकेटला पासपोर्ट लागत नाही, ठरावीक वर्षांचं वास्तव्य पुरतं. ६ जून २०२४ ला त्याच्या सुपर ओव्हरनं अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं. सहा दिवसांनी भारताविरुद्ध त्यानं विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि मग रोहित शर्मालाही घालवलं. जुना मुंबईकर सोबती सूर्यकुमार यादवचा झेल मात्र त्याच्या हातून सुटला, आणि सामना तिथंच गेला. त्या रात्री आमच्याकडे टाळ्या नेमक्या कुणासाठी वाजत होत्या ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

*

उलट दिशेनं येणं मात्र अवघड. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा, असं क्रीडा मंत्रालयाचं २००८ पासूनचं धोरण. अमेरिकेत जन्मलेल्या, तिथंच स्केटिंग शिकलेल्या तारा प्रसादनं त्यासाठी भारतीय नागरिकत्व घेतलं आणि ती भारताकडून उतरू लागली. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात मुलगी पहाटे पाचला रिंकवर जात असेल, तर तिच्या आईबाबांना हा हिशेब कधीतरी करावा लागणार: तिथं रांगेत शंभरावी, इथं पहिली; पण पहिली येण्यासाठी निळा पासपोर्ट सोडायचा. तोही अशा देशासाठी, जिथं धड बर्फ शोधायला डेहराडूनला जावं लागतं. पुण्यातली पोरं चाकांवर स्केटिंग करतात, तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

*

जोडीनं स्केटिंग करणारी अल्योना सावचेन्को युक्रेनमध्ये जन्मली, जर्मनीकडून खेळली. नवा जोडीदार तिला फ्रान्समध्ये सापडला, ब्रुनो मासो. फ्रान्सच्या संघटनेनं त्याला सोडायला बरंच ताणलं. जागतिक स्पर्धेला जोडीतल्या एकाचं नागरिकत्व चालतं, ऑलिंपिकला दोघांचं लागतं. मासोची गाडी अडली ती जर्मन भाषेच्या परीक्षेत. नागरिकत्व मिळालं नोव्हेंबर २०१७ मध्ये; फेब्रुवारी २०१८ मध्ये, लघु कार्यक्रमानंतर चौथे असताना, दोघांनी सुवर्ण नेलं. वाशिमकडून लढणाऱ्याला वऱ्हाडीची परीक्षा ठेवली तर काय मजा येईल.

*

हे सगळं पैलवानाच्या बाजूनं झालं. वाशिमच्या त्या पोराचं काय, जो गावच्या तालमीत घाम गाळत होता आणि ज्याच्या गटात बाहेरून तयार गडी आला? तो हरला असता पहिल्याच फेरीत, कबूल. पण एकदा राज्याच्या मातीत पाठ लागल्याशिवाय पुढची कुस्ती कळत नाही. स्केटिंगवाल्यांची एक अट मला इथं बरी वाटते: आधीच्या संघटनेची परवानगी, आणि मधे किमान एक वर्ष कुणाकडूनच नाही. त्या वर्षात मोकळी जागा असलेल्यांना आपला गडी तयार करायला सवड मिळते.

तरी फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची स्पर्धा आठवली की मी पुन्हा डळमळतो. गादीवरच्या केसरी गटाची अंतिम कुस्ती पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ आणि नांदेडचा शिवराज राक्षे यांच्यात झाली. मुळशीचा एक, खेडचा एक. निकालावरून गोंधळ झाला, राक्षेनं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ते सगळं वेगळं. पण नांदेडची जागा नसती तर पुणे जिल्ह्याला ही कुस्ती निवड चाचणीतच, शेदोनशे माणसांसमोर उरकावी लागली असती, आणि दोघांतला एक गादीपर्यंत पोचलाच नसता.