घागर आणि नाणं

वैशाख जवळ आला की वर्तमानपत्राचं पहिलं पान शोधावं लागतं. त्यावर सराफांच्या जाहिराती चढलेल्या असतात: घडणावळीवर सूट, आगाऊ नोंदणी, मुहूर्ताचं नाणं. अक्षय्य तृतीया झाली की त्याच वर्तमानपत्रात बातमी येते, सराफ बाजारात कोट्यवधींची उलाढाल. पुढच्या वर्षी शाळकरी मुलं निबंधात लिहितात, या दिवशी सोनं घेण्याची आपली पूर्वापार परंपरा आहे. जाहिरातीची बातमी झाली, बातमीची रूढी झाली, आणि मधले टप्पे कुणालाच दिसले नाहीत.

आपल्याकडे हा दिवस मुळात देण्याचा. पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर द्यायची, जोडीला पंखा, छत्री, वहाणा. ऐन उन्हाळ्यात वाटेवरच्या माणसाला जे लागतं तेच. खानदेशात ही आखाजी. घागरीची पूजा, माहेरी आलेल्या लेकी, झाडांना टांगलेले झोके, ताटात सांजोऱ्या आणि आमरस. शेतावरच्या सालदाराचं सालही याच दिवशी संपायचं आणि नवं ठरायचं. बहिणाबाईंनी या सणावर गाणं रचलं, ते झोक्यांचं आणि माहेराचं.

साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून ऐपतीप्रमाणे गुंजभर सोनं घेणारी घरं तेव्हाही असतील. पण दर वर्षी, प्रत्येकानं, थोडं का होईना घ्यायलाच हवं, हा धाक अलीकडचा. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सोन्याची बिस्किटं घरात ठेवायलाही बंदी होती. १९९० मध्ये तो कायदा गेला, पुढे आयात मोकळी झाली, घरोघर केबल आली, पेढ्यांच्या शाखा गावोगाव निघाल्या. एवढा माल खपवायला तिथी हवी होती. ती पंचांगात तयारच होती.

सोन्यावर माझा राग नाही. अडल्यावेळी बाईच्या अंगावरच्या दागिन्यानंच घरात बी-बियाणं आलं, दवाखान्याचं बिल भागलं. मला सलते ती आठवणीतली ढवळाढवळ. ‘ही वस्तू घ्या’ म्हणणाऱ्याला आपण ‘नको’ म्हणू शकतो. ‘तुमची आजी हेच करायची’ म्हणणाऱ्याला नाही म्हणताना आजीलाच नाकारल्यासारखं वाटतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये, सणाच्या आठवडाभर आधी, १० ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांना टेकला. तरी हातावर पोट असलेली माणसंसुद्धा अर्ध्या ग्रॅमचं नाणं मिळतं का विचारत होती, मोबाइलवर रुपया-दोन रुपयांचं डिजिटल सोनं घेत होती. ही हौस नव्हे. दिवस रिकामा गेला तर वर्ष रिकामं जाईल, ही भीती आहे, आणि ती विकत घ्यायला लावलेली आहे.

मराठवाड्यातल्या कित्येक गावांत याच दिवसांत टँकरमागे हंड्यांच्या रांगा लागतात. तिथं भरलेल्या घागरीचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलांना मात्र सांगावं लागेल, तेही शाळेनं सोन्याचा निबंध लिहून घेण्याआधी.