मुंब्रा ते खेड : रेघ दिसते तोवर

पळस्पे फाटा मागे पडला, कर्नाळ्याचा सुळका दिसला, की मुंब्र्याहून निघालेल्या आम्हा घरच्यांना गावच्या वाटेला लागल्यासारखे वाटते. वाट मात्र सबुरीची परीक्षा घेणारी. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा पाळण्यात असलेली आमची भाची आता दहावीची पुस्तके घेऊन मागच्या सीटवर बसते.

यंदाचा सफर नव्या गाडीतून झाला. धाकट्या भावाने घेतलेल्या या गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा आहे. आरशाच्या मागे, काचेला लागून एक छोटा कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे शोधतो आणि दोन पट्ट्यांच्या मधे गाडी कुठे आहे हे सतत मोजत राहतो. इंडिकेटर न देता गाडी पट्ट्याकडे सरकली, की आधी स्टिअरिंग थरथरते किंवा आवाज होतो. तरीही लक्ष गेले नाही, तर पॉवर स्टिअरिंगची मोटर चाके हळूच आत वळवते. काही गाड्यांत आणखी पुढची सोय असते. ती गाडीला सारखी मधोमध ठेवते. जोर फारसा नसतो, माणसाने स्टिअरिंग फिरवले तर माणसाचेच चालते. बहुतेक गाड्यांत साधारण 60 चा वेग गाठल्यावरच हे सारे जागे होते. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये लेनबाहेर जाताना गाडी सावरणारी यंत्रणा असणे सक्तीचे आहे.

दुबई-अबुधाबी रस्त्यावर चालवणारे आमचे नातेवाईक या सोयीची फार तारीफ करतात. तिथे पट्टे ठळक असतात आणि रस्ता सुतासारखा सरळ असतो. आमच्या या महामार्गावर तेच यंत्र दर काही मैलांनी गोंधळते. डांबरावर पांढरा पट्टा उठून दिसतो. पण इथला बराचसा नवा रस्ता सिमेंट काँक्रीटचा, फिकट राखाडी. त्यावर दुपारचे ऊन पडले की पांढऱ्यावर पांढरे. डायव्हर्जनपाशी जुना पट्टा पुरता खरवडलेला नसतो आणि नवा त्याच्या शेजारी मारलेला असतो. कोणता खरा, हे माणसाला बॅरिकेड पाहून कळते. माणगावच्या बाजारात तर वेगच इतका कमी, की यंत्रणा आपोआप गप्प बसते, आणि तेच बरे. तिथल्या रिक्षा, हातगाड्या आणि उलट्या बाजूने येणारे मोटरसायकलवाले कोणती रेघ पाळतात?

महाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि भावाने स्टिअरिंगवर नुसते एक बोट ठेवले. गाडी आपली आपण चाललेली पाहून पोरे खूश झाली. काही सेकंदांनी पडद्यावर सूचना आली, 'हात स्टिअरिंगवर ठेवा'. हाताचा हलकासा जोर स्टिअरिंगला जाणवला नाही, तर गाडी असे टोकते. तेव्हा भावाने मित्राकडून ऐकलेली शक्कल सांगितली: पाण्याची बाटली स्टिअरिंगमध्ये अडकवायची, गाडीला वाटते हात आहे.

मामूंनी सौदीत वीस वर्षे ट्रेलर चालवला आहे. ते एरवी कमी बोलतात. त्यांनी बाटली उचलून अम्मीच्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "अरे, ती तुला जागं ठेवायला टोकतेय. तिचंच तोंड बंद करतोस?"

मामूंना काय आठवले असेल, ते आम्ही सगळे जाणून होतो. रमजानच्या अखेरच्या दिवसांत मुंबईतून किती गाड्या ईदेसाठी कोकणात उतरतात! रात्रभर जागरण, सहेरी करून निघणे, आणि सूर्य वर आला की ड्रायव्हरच्या पापण्या जड. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा असूनही आपली माणसे ती घ्यायला कचरतात. अशा डुलकीच्या एका क्षणी थरथरणारे स्टिअरिंग मोठे उपकारच करील. पण तो क्षण बिनपट्ट्याच्या तुकड्यावर आला, तर?

म्हणून शेजारी बसणाऱ्यालाही थोडे काम असावे, असे आम्हांला वाटते. आमच्या गाडीत पट्टे दिसत असतील तर स्टिअरिंगच्या मागच्या पडद्यावरची रस्त्याची खूण हिरवी असते, दिसेनासे झाले की राखाडी. प्रत्येक गाडीत रंग थोडे वेगळे असतील, पण खूण असतेच. अम्मीला इंग्रजी येत नाही, पण पोलादपूरपर्यंत ती बरोबर सांगू लागली, "गेली हिरवी." भाऊ आधी चिडला, मग दोन्ही हातांनी चालवू लागला.

आणखी एक फरक भावातच पडला. इंडिकेटर दिला नाही तर लेन बदलताना स्टिअरिंग अडते, म्हणून तो आता न चुकता इंडिकेटर देतो. ड्रायव्हिंग स्कूलला जे जमले नव्हते!

कशेडी घाटाऐवजी आम्ही जवळपास दोन किलोमीटरच्या बोगद्यातून गेलो. आत खूण हिरवी होती. बाहेर पडताना उजेड एकदम डोळ्यांवर आला, कॅमेऱ्यावरही, आणि खूण क्षणभर राखाडी झाली. अम्मीने सांगण्याआधीच भावाची पकड घट्ट झालेली दिसली.

भरणे नाक्यावरून गावाकडे वळलो. त्या रस्त्याला रेघ कधीच नव्हती. मामू म्हणाले, "आता मी चालवतो," आणि भावाने चावी दिली.