अंगणातली नाव

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी ज्याचा त्याचा फोन आला की एकच प्रश्न, "म्हणे तुम्ही दोघांनी घरी नाव बांधली?" एकेकाला सांगून दमले, म्हणून आता सगळ्यांना एकदाच सांगते. हो, बांधली. आठ फुटांची, प्लायवूडची. आणि ती तरंगते सुद्धा!

नागपूरच्या वन्सं म्हणाल्या, "वहिनी, वय काय, करता काय!" खरंच आहे. पण आमचा गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं परंपरा सांगते, आणि गावोगावी मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आहेतच. आमच्या गावचा तलाव घरापासून दहा मिनिटांवर. सारा जन्म त्याच्या काठाने ये-जा केली, पण मध्यावर जाऊन तिथून आपलं गाव कसं दिसतं ते काही बघितलं नव्हतं. डोंगा ढिवरांचा, तो मासे धरायला. आपण त्यात कशाला बसतो?

2023 च्या दिवाळीत नातवाने ह्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले एक नवरा-बायको गॅरेजमध्ये होडी बांधत होते. झालं! आमच्याकडे निर्णय ह्यांचे आणि यादी माझी, ही जुनी पद्धत. मी मुकाट्याने यादी केली.

गोंदियाला दुकानात 'सातशे दहा नंबरचा' म्हणजे मरीन प्लाय मागितला. दुकानदार म्हणाला, "किचन बना रहे हो, मास्टरजी?" (हे बँकेत होते, मास्तर मी. पण असो.) नाव बांधतोय म्हटल्यावर त्याने आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सहा मिलिमीटरच्या दोन शीट, रेझिनचे डबे, काचेचं कापड, सगळं छोट्या हत्तीत घालून गावी आणलं.

आता ही नाव बांधतात कशी, तर चक्क शिवून! मोठ्या लाकडी नावेला आधी सांगाडा करतात आणि त्यावर फळ्या ठोकतात. त्याला सुतारकाम यायला हवं. इथे प्लायचे तुकडे शिवणाच्या कापडासारखे बेतायचे, कडेकडेने भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने टाचायचे. टाचलं की नावेचा आकार आपोआप उभा राहतो. मग सांध्यांत इपॉक्सी रेझिन आणि लाकडाचा बारीक भुसा यांची लापशी भरायची, वरून काचेच्या कापडाची पट्टी. इंग्लंडमध्ये 1963 साली डेली मिरर या वर्तमानपत्राने 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने काढली, घरच्या घरी लोकांना बांधता यावी म्हणून. तशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. म्हणजे हा वेडेपणा करणारे आम्ही पहिले नाही :)

शिवण म्हटल्यावर मला जरा धीर आला. बेतणं मला येतं. मुलींचे फ्रॉक मीच शिवले होते.

पण ह्यांचा स्वभाव अंदाजाचा. रेझिनच्या डब्यावर स्पष्ट लिहिलेलं, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. मी म्हटलं, मापाने घ्या. हे म्हणाले, "मला कळतं." ते मिश्रण दोन दिवस झाले तरी चिकटच. शेवटी सगळं खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी हे औषधाची मापं घेऊन आले आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून माप माझ्याकडे. प्रत्येक घाण्याची वेळ मी खडूने भिंतीवर लिहायची. एप्रिलच्या उन्हात तर डब्यातलं रेझिन बघता बघता तापून धुरायला लागायचं, म्हणून पहाटे पाचला उठून थोडं थोडं कालवायचो.

हे सगळं नंतरचं. त्याच्या आधीची एक गोष्ट मला खरी सांगायची आहे.

तारा ओवायचं काम एकट्याने होत नाही. नाव उलटी करून दोन बाकांवर ठेवली होती. मी पाटावर बसून तिच्या पोटाखाली, हे बाहेर. मी आतून तारेची दोन टोकं भोकांतून बाहेर सारायची, ह्यांनी पक्कडीने पिळायची. एकमेकांचं तोंड दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट बोलून सांगावी लागते. "आली का?" "आली." "ओढा." "थांबा, बास!" लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण मी 'थांबा' म्हटल्यावर हे लगेच थांबलेत, असं फार वेळा झालेलं आठवत नाही. इथे थांबावंच लागे, नाहीतर तार तुटायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी, तार सारता सारता माझ्या तोंडून निघून गेलं, "1991 साली ती मुख्याध्यापिकेची जागा मला हवी होती."

बाहेर पक्कड थांबली.

ती शाळा चाळीस किलोमीटरवर होती. मुली लहान होत्या. हे म्हणाले होते, "कशाला दगदग?" आणि मी नकाराच्या अर्जावर सही केली होती. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही.

बऱ्याच वेळाने आवाज आला, "मला वाटलं, तुलाच नको होतं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तू तरी तेव्हा बोलायचंस."

"तेव्हा मध्ये प्लाय नव्हता," मी म्हटलं.

हे हसले का, ते मला दिसलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढची तार दे." त्या दिवशी आम्ही एक अख्खी बाजू टाचून काढली. त्यानंतर मात्र ह्यांच्या बोलण्यात एक नवीन वाक्य आलं, "असं करू का?" सुरुवातीला मला वाटायचं, मागे कोणी दुसरं उभं आहे.

याच काळात नातवाने 'सुहैली'ची माहिती पाठवली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 32 फुटी लाकडी बोट आपल्या मुंबईत बांधलेली! सागवानाची. कारागिरांनी वाकसाने तासून, सामत्याने भोकं पाडून केलेली. 1964 साली ती पाण्यात उतरली, आणि 1968-69 मध्ये 312 दिवसांत जगाला वळसा घालून परत आली. हे दोन दिवस त्याच धुंदीत होते. मी म्हटलं, आधी आपला तलाव पार करू.

मागच्या पावसाळ्यात तलाव भरला. मासेमारी सोसायटीच्या लोकांना विचारलं, त्यांनी हसत परवानगी दिली. मुलीने दोन लाइफ जॅकेटं पाठवली, ती घातल्याशिवाय बसायचं नाही या अटीवर. 2024 च्या कार्तिकात एका सकाळी चार पोरांनी नाव उचलून काठाशी नेली. सगळं गाव बघायला!

मध्यावर पोचलो तर पायाला गार लागलं. मागच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं. तो कोपरा मी भरला असं ह्यांना वाटलं होतं, ह्यांनी भरला असं मला. पूर्वीचे दिवस असते तर तिथेच जुंपली असती. शेजारच्या डोंग्यातले म्हातारे ढिवरबुवा ओरडून म्हणाले, "पानी येतेच, मास्तरीनबाई! काढाले डब्बा ठेवाचा असते!" आणि त्यांनी आपला डबा आमच्याकडे दिला.

हे वल्ही मारत होते, मी पाणी उपसत होते. मग मान वर करून बघितलं. देवळाचा कळस, शाळेची कौलं, चिंचेचं झाड, आमचं घर. सगळं एका ओळीत, आणि केवढंसं!

तो कोपरा आता नीट भरलाय. डबा मात्र नावेतच ठेवलाय. कोणी आलात तर नक्की फिरवून आणू. यायच्या आधी फोन करा, म्हणजे जॅकेटं वाळवून ठेवीन.