शून्याचा रकाना

राईत शिरलं की ते आधी पायांना कळायचं. सड्यावरच्या जांभ्याची खरखर संपायची, बुटांखाली मऊ, दवानं भिजलेला पाचोळा यायचा, आणि जुन्या घराच्या माजघरात पाऊल टाकावं तसा थंडगार अंधार अंगाला लागायचा. तिलारीच्या खोऱ्यातल्या त्या देवराईत, विद्यार्थिदशेतला एक अख्खा उन्हाळा मी एका बेहड्यासमोर बसून काढला. गोणपाटाचा आडोसा, मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण. समोर, खूप उंचावर, बुंध्यातली एक ढोली. ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे बोटभर रुंदीची उभी फट.

त्या फटीआड ती होती.

महाधनेशाची मादी अंडं घालायच्या आधी ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेनं, फळांच्या चोथ्यानं दार चिणून घेते. उडायची पिसंसुद्धा ती आत गाळून टाकते. मग कितीतरी आठवडे तिचं आभाळ म्हणजे ती फट, आणि त्या फटीशी येणारी एक पिवळी चोच. तो यायचा तेव्हा दिसायच्या आधी ऐकू यायचा. लोहाराचा भाता कुणीतरी आभाळात ओढतंय असा तो पंखांचा घोष दरीतून वर चढत यायचा, राईतले बाकीचे आवाज मान खाली घालून बाजूला व्हायचे, आणि मग फांदी लवायची. लाल डोळ्यानं तो इकडेतिकडे बघायचा. गळ्यात साठवून आणलेली फळं एकेक करून वर काढायचा, चोचीच्या टोकावर तोलायचा, फटीतून आत द्यायचा. उंबर. पुन्हा उंबर. रानजायफळाचं एखादं लालभडक बी. मी मोजत असायची. आतलं टोक पुढे यायचं, घ्यायचं, नाहीसं व्हायचं.

ते बघताना मला आमच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवायची. धाकट्या भावाच्या वेळी आई तिथे होती. दार लोटलेलं, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा जळत असलेला, आणि दाराच्या फटीतून येणारा तो उबदार, कडसर धूर. मुंबईहून रात्रभर एसटीत बसून आलेले बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले होते. आत जायची मुभा नव्हती. त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढली. खारका, डिंक, आळिवाची पुडी. आतून आईचा हात आला, बांगड्या वाजल्या, हात परत गेला. दोघं काही बोलले नाहीत. मी सात वर्षांची होते. मला वाटलं होतं, एवढंच?

बेहड्याखाली बसून मला ते ‘एवढंच’ पुन्हा मोजावं लागत होतं.

वहीत दर पंधरा मिनिटांना एक ओळ. वेळ, कोण आलं, कुठलं फळ, किती. काही आलं नाही तरी ओळ सोडायची नाही, शून्य लिहायचं, ही पहिल्याच दिवशी मिळालेली ताकीद. सुरुवातीला ती शून्यं लिहिताना हात कंटाळायचा. दुपार वितळत असायची, मुंग्या मनगटावरून चढायच्या, मी शून्यामागे शून्य काढत राहायची. हळूहळू कळलं, रिकामी ओळ म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी पूर्ण वेळ वाट पाहिली.

राईच्या कडेला गुरं आणणारे एक आजोबा रोज विचारायचे, “इलो काय गो तुझो माडगरुड?” एकदा त्यांनी बेहड्याच्या खोडावर हात ठेवला. “राखणदाराची राई ही. हय कोयतो लावनत नाय.” पलीकडच्या उतारावर मात्र कोयता केव्हाच लागला होता. तिथे आता रबराच्या सरळ, शिस्तीतल्या रांगा होत्या. धनेशाला स्वतः झाड पोखरता येत नाही. फांदी मोडावी, पाणी मुरावं, बुरशीनं आतलं लाकूड वर्षानुवर्षं खात जावं, तेव्हा कुठे एक घर तयार होतं. लाकूडवाल्याच्या हिशेबात असलं पोकळ झाड म्हणजेही शून्यच.

बेहड्याच्या पायथ्याशी फटीतून बाहेर पडलेल्या बियांना कोंब फुटले होते. दोन पानांचं एक अख्खं रान माझ्या बुटांभोवती उभं होतं.

मेमधल्या एका दिवशी तो आलाच नाही. सकाळ गेली. दुपारी फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, थांबलं, आत गेलं. पुन्हा आलं. वळवाचे ढग दरीवर उतरले, राईत अवेळी काळोख साचला, आणि माझ्या वहीत शून्यांची माळ लांबत गेली. सहा वाजता निरीक्षणाची वेळ संपली. शेवटचं शून्य लिहून मी वही मिटली, दुर्बीण डब्यात घातली, तरी पाय निघेनात.

तेव्हा दरीतून भाता ऐकू आला.

भिजलेला, जड पंखांनी तो फांदीवर टेकला. त्या उजेडात फळ कुठलं ते दिसलं नाही. मी मोजलंही नाही. नुसतं पाहिलं, उंबऱ्यावरून आत जाणारं एकेक काहीतरी, आणि ते घ्यायला पुढे येणारं ते टोक.

त्या तारखेच्या पानावर आजही शेवटपर्यंत शून्यंच आहेत.