जुनें नांव कीं नवें?

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एका नांवावरून चांगलाच खल झाला. बारसें कोणाचेंच नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर मीं लिहिलेले संस्कृत व्याकरणाचे पाठ संकेतस्थळावर घालावे असें मुलांच्या मनांत आलें, आणि त्या स्थळास नांव, म्हणजे डोमेन, कोणतें घ्यावें हा प्रश्न निघाला.

पुतण्या या विषयांतला जाणता. तो म्हणाला, "काका, नवें नांव घेतलें तर गूगलच्या शोधांत आपणांस कोण विचारतो? एका वेदपाठशाळेचें जुनें नांव मुदत संपून विक्रीस आलें आहे. त्याकडे नेणारे दुवे अजून पुष्कळ ठिकाणीं आहेत. त्यांचें वजन आयतें आपल्याला मिळेल." किंमत चाळीस हजार! नवें नांव वर्षाला हजार-दीड हजारांत मिळत होतें. माझ्यापाशीं शिल्लक होती तीहि साधारण तेवढीच, आणि ती नातीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेविलेली.

त्याचा तर्क अगदींच पोकळ नव्हता. १९९८ सालीं गूगल कंपनी निघाली, तिच्या गणनापद्धतीचें बीज हेंच कीं, ज्या पृष्ठाकडे वजनदार पृष्ठें निर्देश करितात तें पृष्ठ मोठें. टीकाकार ज्या ग्रंथाचा वारंवार आधार घेतात तो आपण प्रमाण मानितों, तशांतलाच हा प्रकार. पण तो मान ग्रंथाचा, वेष्टनाचा नव्हे. ग्रंथ काढून त्याच वेष्टनांत माझे पाठ बांधले तर मान माझा कसा होईल?

इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेविते. त्या आम्हीं उघडून पाहिल्या. प्रथम पाठशाळेचीं पानें, विद्यार्थ्यांच्या रांगेचें एक चित्र. आणि नंतर दोन वर्षें नुसत्या जुगाराच्या जाहिराती! डॉट कॉम नांव रद्द झाल्यावरहि मूळ धन्यास तें सोडवून घेण्यास ३० दिवस मिळतात, व पुढें ५ दिवसांनीं तें मोकळें होतें. तेवढ्या दिवसांत पाठशाळेकडून कोणी आलें नव्हतें. माझ्या मनाला तें चित्र फार लागलें.

पुतण्यानेंच मग प्रामाणिकपणें सांगितलें कीं, केवळ क्रम वर चढविण्यासाठीं मुदत संपलेलें नांव घेऊन त्यावर निःसत्त्व मजकूर घालणें गूगलनें मार्च २०२४ मध्यें स्पष्टपणें निषिद्ध ठरविलें आहे. नुसत्या वयासहि तेथें मान नाहीं. "परंतु तुमचे पाठ निःसत्त्व थोडेच आहेत?" असें म्हणून त्यानें पुन्हां जोर धरला. जुनें नांव घेऊन चांगलें काम करणें निषिद्ध नाहीं, हें खरें. मीं थोडा डळमळलोंहि.

इतक्यांत स्वयंपाकघरांतून सौ. म्हणाल्या, "अहो, जे गेले त्यांच्या नांवावर आलेलीं पत्रें आपण फोडणार का?"

नवेंच नांव घेतलें. नातीचे पैसे शाबूत राहिले.

आतां मार्गशीर्ष लागला आहे. आमच्याकडे नेणारे दुवे दोनच: एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा, एक गांवच्या वाचनालयाचा. परवां सोलापुराहून एका मुलीनें आत्मनेपदाविषयीं शंका लिहून पाठविली. ती या दोहोंपैकीं कोणत्या वाटेनें आली तें पुतण्या शोधीत आहे. मी उत्तर लिहीत आहें.