देणारा कोण, घेणारा कोण?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंग्रजी व्याकरणावर लेख लिहावा, हे पाहून आमचे इंग्रजीचे सर हसतील. हसोत बापडे! पण मराठी शाळेतून येऊन इंग्रजीतल्या जमाखर्चाशी झुंजणाऱ्यांना हा विषय टाळता येत नाही. आपल्या बेळगावात तर घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी तीन दुकाने एकाच वेळी चालवावी लागतात. माल इकडचा तिकडे गेला, की लोक हसतात.

ते हसू किती महाग पडते, ते मी पाहिले आहे. माझा एक वर्गमित्र कन्नड माध्यमातून आलेला, हिशेबात आम्हा सर्वांच्या पुढे. पहिल्या वर्षी ओळख करून देताना तो म्हणाला, 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन अकाउंटन्सी.' वर्गात खसखस पिकली. त्यानंतर हा पठ्ठ्या आपणहून कधी उभा राहिला नाही. यंदा तर बँकेच्या मुलाखतीचा अर्जच भरायचा नाही म्हणू लागला. 'पुन्हा तोंड उघडून हसं कशाला करून घेऊ मर्दा?' हा त्याचा सवाल. मग आम्ही दोघे त्या एका शब्दाचा हिशेब तपासायला बसलो.

मराठीत आपण म्हणतो, 'मला गोडी आहे', 'मला कंटाळा आला.' कन्नडातही 'ननगे आसक्ति इदे', 'ननगे बेसर आगिदे.' दोन्हीकडे माणूस कर्ता नाहीच. गोडी काय, कंटाळा काय, पाहुण्यासारखे आपल्या दारी येतात. इंग्रजी मात्र माणसाला कर्ता करून उभे करते आणि विचारते, बोल, ही भावना तू दिलीस की तुला मिळाली? दिली असेल तर 'इंटरेस्टिंग', मिळाली असेल तर 'इंटरेस्टेड'.

पाठ्यपुस्तकातली नावे इथे फसवतात. 'इंग'वाले रूप वर्तमानकालवाचक आणि 'एड'वाले भूतकालवाचक, असे आपण घोकतो. पण कालचा सिनेमाही 'बोअरिंग' असू शकतो आणि या क्षणी जांभया देणारा विद्यार्थीही 'बोअर्ड'च असतो. काळाचा इथे संबंध कुठे आला? काळ पाहतात आपल्या भाषा. 'वाचणारा' आणि 'वाचलेला', 'ओदुव' आणि 'ओदिद'. उलट कर्ता कोण आणि कर्म कोण, हे त्या बरेचसे ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडतात. कन्नडात वाचून झालेला मुलगाही 'ओदिद' आणि त्याने वाचलेले पुस्तकही 'ओदिद'. मराठीतही 'आंबा खाल्लेला मुलगा' आणि 'मुलाने खाल्लेला आंबा' दोन्ही चालतात. कोणी कोणाला खाल्ले, याची शंका कोणाला येत नाही. भावनांपुरती मराठीने निराळी सोय केली आहे, ती 'वाणा' प्रत्ययाची. तास कंटाळवाणा, विद्यार्थी कंटाळलेला. हीच ती 'बोअरिंग'-'बोअर्ड'ची जोडी!

मग नियम आम्हाला आमच्याच वहीत सापडला. व्यक्तिगत खाते: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. 'इंग' म्हणजे देणारा, 'एड' म्हणजे घेणारा. मित्राचा चेहरा उजळला.

अर्थात प्रत्येक नोंद इतकी सरळ नसते. 'रिटायर्ड' कारकुनाला कोणी काही केलेले नसते. क्रिया अकर्मक, म्हणून तिथे 'एड' केवळ पूर्ण झालेली अवस्था सांगते, आपल्या 'गळलेल्या पानां'सारखी. 'सिंकिंग फंड'मधला फंड बुडत नसतो; कर्ज बुडवण्यासाठी, म्हणजे फेडण्यासाठी तो ठेवलेला असतो. 'ओपनिंग स्टॉक'ही काही उघडत नाही. इथे 'इंग'वाला शब्द विशेषण नसून नामच आहे. ओळखायचे कसे? 'द फंड इज सिंकिंग' असे म्हणून पाहावे. भागधारक घाबरून पळाले, की समजावे हे विशेषण नव्हे! 'स्लीपिंग पार्टनर' मात्र खरोखरच झोपलेला. भांडवल देतो आणि कारभारात लक्ष घालत नाही.

आणि 2013 चा कंपनी कायदा उघडा. ऑथोराइज्ड, इश्यूड, सबस्क्राइब्ड, कॉल्ड-अप, पेड-अप. भांडवलाच्या या व्याख्या आम्ही रडतकढत पाठ केल्या होत्या. आता प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, हे कोणी केले? मर्यादा मेमोरँडमने ठरवली, भाग विक्रीला कंपनीने काढले, घ्यायचे भागधारकाने कबूल केले, पैसे कंपनीने मागितले आणि भागधारकाने भरले. भांडवल बिचारे पाचही वेळा घेणारेच. पाठांतर संपले, गोष्ट उरली.

आमच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. हे रूप चुकते तेव्हा मुलगा ढ आहे असे समजू नये. तो आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतो. तो नियम कोणता, एवढे फळ्यावर दाखवले तर पुरे.

मित्राने अर्ज भरला आहे. हाच विषय याच अंकाच्या कन्नड विभागात तूही लिही, असे मी त्याला म्हटले. तो म्हणाला, 'आधी मुलाखत, मग लेख.'